गळका राखणदार

आमचा घरचा संगणक दुपारची जेवणं झाली की धापा टाकायला लागतो, हे पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. ती त्यावर पत्त्यांचा डाव मांडून बसली होती. राणीवर गुलाम ठेवायला गेली, तर गुलाम मध्येच अधांतरी लटकून राहिला. आईने थोडी वाट पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "अरे, याला काहीतरी होतंय. जरा बघ. तू त्यातलाच ना?"

मी त्यातलाच. एका कंपनीत मी इतरांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधून काढतो. दुसऱ्याच्या चुका काढण्याचा पगार मिळावा असं भाग्य फार थोड्यांना लाभतं, आणि मी हे काम अतिशय मनापासून करतो. ऑफिसात मी एखाद्या टेबलाजवळून नुसता गेलो तरी तिथला माणूस खुर्चीत सरळ बसतो. असा मी घरात असताना घरच्याच संगणकाने धापा टाकाव्यात, ही गोष्ट मला जरा लागली.

तरी आईचा गुलाम लटकला एवढ्यावर मी हललो नसतो. पण त्याच संगणकावर बायकोचं काम चालतं. ती भाषांतरं करते. धुलाई यंत्र, मिक्सर, इस्त्री यांच्याबरोबर जी बारीक अक्षरातली माहितीपुस्तिका येते, आणि जी लोक न वाचता ड्रॉवरमध्ये कोंबतात, ती आमच्या बाहेरच्या खोलीत तयार होते. इतकी वर्षं झाली, तिचं नाव कुठे छापलं गेलं नाही. इस्त्रीच्या पुस्तिकेवर कोण कोणाचं नाव छापणार? यंदा मात्र तिला एक कादंबरी मिळाली होती. दीपगृहावर एकट्याने जन्म काढलेल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मजकूर हाती आला तर पुस्तक लगेच छापायला जाईल, नाहीतर पुढच्या वर्षी बघू, असं प्रकाशकबाईंनी सांगून ठेवलं होतं. आणि मुखपृष्ठावर बायकोचं नाव येणार होतं. ती त्याबद्दल अवाक्षर काढत नसे, पण कपड्यांच्या घड्या घालता घालता मध्येच थांबून हवेत बोटाने काहीतरी गिरवायची, ते मी पाहिलं होतं.

इथे राखणदाराची ओळख करून द्यायला हवी. राखणदार हा मी स्वतः लिहिलेला प्रोग्राम. संगणक सुरू झाला की तो आपोआप सुरू होतो, पडद्यावर दिसत नाही, आवाज करत नाही, फ्रीजसारखा मागच्या मागे चालू असतो. काम एकच. बायकोने फाइल सेव्ह केली की जुना मजकूर आणि नवा मजकूर ताडून पाहायचा, आणि फरक असेल तर नव्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवून द्यायची. बायकोच्या वाढदिवसाला मी तिला हा राखणदार भेट दिला होता. तिला वेगळं काहीतरी हवं होतं, असं पुढे बऱ्याच दिवसांनी कानावर आलं.

तर मी तपासाला लागलो. पण कुठल्याही घरात संगणक बिघडला की संगणकाचा माणूस सोडून बाकी सगळ्यांना त्याचं कारण माहीत असतं. आईच्या मते त्याला उष्णता बाधत होती. त्याच्या पेटीवर तिने स्वतःच विणलेलं जाड आवरण होतं, ते काढा म्हटलं तर म्हणाली, "म्हणजे धूळ बसू दे?" आवरण राहिलं, आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन आमच्याकडे पाठ करून त्या पेटीला वारा घालू लागला. बायको घाम पुसत भाषांतर करायची. संगणक थंडगार असायचा आणि तरीही बरोबर दुपारी मान टाकायचा.

मग शेजारचे काका आले. यांनी उभी हयात विजेच्या ऑफिसात काढली आहे. बायको त्यांना बटणकाका म्हणते. आम्हीही म्हणतो, फक्त ते समोर असले की नुसतं काका. त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ खाली वाकले, भिंतीवरचं बटण बंद केलं, मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि परत चालू केलं. संगणक उठला आणि पळायला लागला.

"झालं," काका म्हणाले. "तुम्ही लोक उगाच खोलात जाता."

"काका, अशाने मूळ दुखणं जात नाही."

"पळतोय ना? मग दुखणं कुठे राहिलं?"

आईने त्यांना चहा दिला. मला विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी संगणक पुन्हा झोपला, काका पुन्हा आले, पुन्हा बटण, पुन्हा चहा. पुढे पुढे आई दुपारी काकांचा कप आधीच काढून ठेवू लागली. माझ्या धंद्यातल्या माणसाला याचा किती त्रास होतो हे सांगून समजणार नाही. चोरी झाल्याबरोबर कोणी येऊन फरशी स्वच्छ पुसून जावी आणि घरच्यांनी त्याचेच आभार मानावेत, तसं ते होतं. मी संध्याकाळी ऑफिसातून येऊन संगणक तपासायचो, तेव्हा तो नुकताच बटण खाऊन ताजातवाना झालेला असायचा आणि सगळं कसं व्यवस्थित दिसायचं.

बायकोच्या आग्रहाने दुकानातला कारागीर आला. त्याने मेमरी कमी पडते म्हणून सांगितलं आणि आणखी बसवून दिली. फरक निश्चित पडला. आधी संगणक जेवणानंतर मान टाकायचा, तो आता चहाच्या वेळेला टाकू लागला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने चालू प्रोग्रामची यादी उघडली आणि एकेकावर बोट ठेवून हजेरी घेतली. हा कोण, तो कशाला, याला काढू का? राखणदारावर बोट आलं तेव्हा मी म्हणालो, "तो घरचा आहे. त्याला सोडा." त्यानेही मान डोलावली आणि सगळं पुसून नव्याने टाकू या, असा सल्ला दिला. बायकोने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो स्क्रूड्रायव्हर विसरून गेला.

राहता राहिली कंपनीची मदतसेवा. एका रविवारी, काकांनी बटण दाबायच्या आत, मी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात पहिलाच प्रश्न विचारला, "सर, आपण यंत्र बंद करून चालू केलंत का?" फोन मोठ्या आवाजावर होता आणि बटणकाका समोरच चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ नुसतं मंद हसत बसले. त्या बाईंनी मला तक्रार क्रमांक दिला आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन पक्का करायला सांगितलं. संकेतस्थळ त्याच संगणकावर उघडायचं होतं. ते अर्धं उघडलं आणि तिथेच राहिलं. थोड्या वेळाने मोबाइलवर निरोप आला, की ग्राहकाने प्रतिसाद न दिल्यामुळे तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात येत आहे. कोणाचं समाधान झालं ते लिहिलेलं नव्हतं.

असे चहूबाजूंनी अपमान झाल्यावर मी तात्त्विक भूमिका घेतली. गुरुवारी सकाळी मी घरच्यांना सांगितलं की दोष यंत्राचा नाही, आपल्या वृत्तीचा आहे. या घरात कोणी काही टाकतच नाही. संगणकात आईने साठवलेले फुलांचे फोटो, बायकोच्या जुन्या मिक्सरांच्या पुस्तिका, सगळा अडगळीचा बाजार. बोलता बोलता मी स्वयंपाकघराच्या दारामागे लटकणाऱ्या पिशव्यांच्या पिशवीपर्यंत पोचलो. आईने आयुष्यात एकही पिशवी टाकलेली नाही. घडी करून ती मोठ्या पिशवीत कोंबते, आणि ती मोठी पिशवी आता दारामागे मावत नसल्यामुळे दार पूर्ण उघडत नाही. आम्ही सगळे स्वयंपाकघरात तिरके होऊन शिरतो.

"ही टाकून दे," मी म्हणालो.

"राहू दे. लागते कधीतरी."

"कधी लागली आहे आजपर्यंत?"

"लागली की सांगेन," आई म्हणाली आणि संगणकावर पत्ते मांडायला गेली. तिचा डाव कित्येक महिन्यांत एकदाही सुटला नव्हता. सुटत आला की दुपारी बटण पडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागायचा.

त्या दिवशी मी रजा टाकली होती. दुसऱ्या दिवशी बायकोचा मजकूर जायचा होता आणि मला काकांच्या आधी गुन्हेगार पकडायचा होता. चहाच्या सुमाराला पडदा जडावला. बायकोला मी पाच मिनिटं उठायला लावलं, चालू प्रोग्रामची यादी उघडली आणि कोणी किती मेमरी अडवली आहे त्या क्रमाने लावली. सगळ्यात वर, बाकीच्यांना पार खाली ढकलून, राखणदार बसला होता.

मी चष्मा काढला, पुसला आणि आईसारखंच पुन्हा पाहिलं. तोच होता.

आमच्या धंद्यात याला गळती म्हणतात. प्रोग्रामने कामापुरती मेमरी मागून घ्यावी आणि काम झालं की परत करावी, असा साधा व्यवहार असतो. एखादा नुसता घेतच सुटला तर मेमरी गळते, असं म्हणायचं. खरं म्हणजे गळत काहीच नसतं, तुंबत असतं, पण हे नाव ठेवताना मला कोणी विचारलं नाही. मी राखणदाराचा कोड उघडून पाहिला. जुनं आणि नवं ताडून झालं की जुनं फेकून द्यायची एक ओळ मी लिहिली होती, आणि मग चाचणी करताना मीच ती बंद करून ठेवली होती. शेजारी माझीच टीप होती: "तूर्त राहू दे. लागेल कधीतरी."

म्हणजे बायकोने सेव्ह केलं की राखणदार आधीचा मजकूर घडी करून पोटात ठेवत होता. आणि बायको प्रत्येक पूर्णविरामाला सेव्ह करते. माहितीपुस्तिका लिहून लिहून तिला सगळ्या संभाव्य धोक्यांची सवय झाली आहे.

आता इथे सरळ माणसाने काय केलं असतं ते मला माहीत आहे. मी मात्र विचार केला, की महत्त्वाच्या कामाच्या आदल्या दिवशी चालत्या प्रोग्रामला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला नियम आहे. नियम खरोखरच आहे. तो त्या दिवशी मला इतका का आवडला, तो भाग वेगळा. शनिवारी गुपचूप दुरुस्ती करावी, कोणाला काही कळायचं कारण नाही, असं मी ठरवलं. जेवताना बायकोने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तपास योग्य दिशेने चालू आहे."

"काका उद्या येतील ना?" आईने विचारलं.

शुक्रवारी मी पुन्हा रजा टाकली. बायको सकाळपासून शेवटच्या प्रकरणावर हात फिरवत होती. मधेच एका धुलाई यंत्राच्या पुस्तिकेचं एक पान कोणीतरी घाईने मागितलं, तेही तिने शेजारच्या खिडकीत उघडलं आणि सगळं निवडून कॉपी केलं. तेवढ्यात संगणक जडावला. बायकोने एक कळ दाबली. काही झालं नाही. तिने पुन्हा दाबली, दुसरी दाबली, या खिडकीतून त्या खिडकीत जायची दाबली, सगळं निवडायची, चिकटवायची, आणि हाताच्या सवयीने सेव्ह करायची. पडदा ढिम्म. मग संगणकाला एकाएकी जाग आली आणि तुंबलेले सगळे हुकूम त्याने एका दमात, आज्ञाधारकपणे पार पाडले.

बायकोने हात मागे घेतले. मी जवळ गेलो. दीपगृहाच्या शेवटच्या प्रकरणाच्या जागी लिहिलं होतं: "यंत्र सुरू होत नसल्यास प्रथम झाकण नीट बंद आहे का ते पाहावे."

"परत फिरव," मी म्हणालो.

तिने परत फिरवायची कळ दाबली आणि खिडकी मिटली. पुन्हा उघडली तेव्हाही त्या फाइलमध्ये झाकणच होतं.

"तुझा राखणदार," ती म्हणाली. "त्याच्याकडे प्रत असेल ना?"

राखणदाराकडे प्रत होती. बायकोने सेव्ह केल्याबरोबर त्याने फरक ताडून, इमानाने, जुन्या प्रतीच्या जागी धुलाई यंत्र नेऊन ठेवलं होतं. तीन वाजून गेले होते. बायको खुर्चीतून उठली, खिडकीशी गेली आणि बाहेर पाहत उभी राहिली. म्हणाली, "जाऊ दे. इस्त्रीची आहेत अजून कामं." तिचा आवाज अगदी साधा होता.

आणि तो ऐकतानाच मला आठवलं, की राखणदाराने काहीच टाकलेलं नाही. त्या प्रकरणाची सकाळपासूनची प्रत्येक घडी त्याच्या पोटात आहे, आणि संगणक चालू आहे तोवरच आहे.

त्याच क्षणी दारातून आवाज आला, "झोपला वाटतं?" बटणकाका आत आले, नेहमीसारखे वाकले आणि त्यांचा हात बटणाकडे गेला.

"काका, हात काढा," मी ओरडलो. जन्मात मी वडीलधाऱ्या माणसावर आवाज चढवलेला नाही. काका वाकलेल्या अवस्थेतच थांबले. मग मी सगळं सांगितलं. गळती राखणदाराची आहे, राखणदार माझा आहे, हे मला कालपासून माहीत आहे, आणि त्या गळक्याच्याच पोटात शेवटचं प्रकरण आहे. बटण दाबलं की ते गेलं. सांगताना मी भिंतीकडे पाहत होतो.

बायको वळली. "कालपासून?"

"हो."

"यावर नंतर बोलू," ती म्हणाली. "आधी काढ."

राखणदाराच्या पोटात जे काही आहे ते जसंच्या तसं एका फाइलमध्ये उतरवून घ्यायचं, ही युक्ती आम्ही ऑफिसात करतो. पण तेवढं करायलाही संगणकाला थोडी मोकळी मेमरी लागते, आणि आता तर बाण हलवला की तो चहा पिऊन आल्यासारखा सावकाश सरकत होता. काहीतरी बंद करायला हवं होतं. बायकोने शब्दकोशाच्या खिडक्या मिटल्या. पुरे झालं नाही. उरला आईचा सकाळपासून मांडलेला पत्त्यांचा डाव. त्या खेळाला डाव राखून ठेवायची सोय नाही. सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

आई पडद्याजवळ आली. मोजकेच पत्ते उरले होते, डाव सुटलाच होता. "हा राजा तिकडे गेला की झालं असतं," ती म्हणाली. मग बायकोच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मिट गं. पत्ते काय, पुन्हा पिसता येतात."

डाव मिटला, आणि मी फाइल उतरवायला घेतली. किती काम झालं ते दाखवणारी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. कोणी टेबलाला हात लावेना. बटणकाका भिंतीवरच्या बटणासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले, कोणाचा चुकून धक्का लागू नये म्हणून. त्या घरात बटणाला धोका असेल तर तो त्यांच्याकडूनच होता, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

फाइल उतरली. अवाढव्य होती, आणि तिच्यात अगम्य चिन्हांचा नुसता चिखल होता. मी म्हणालो, "शेवटच्या प्रकरणातलं एखादं वाक्य सांग. शोधून बघतो."

बायकोने डोळे मिटले आणि म्हटलं, "समुद्राकडे पाठ करून तो पहिल्यांदाच जेवायला बसला."

काका हात पसरल्या जागी म्हणाले, "बिचारा."

मी ते वाक्य शोधायला सोडलं, आणि ते सापडलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा सापडत राहिलं. आधी "समुद्राकडे न पाहता" होतं. मग "समुद्राला पाठमोरा". मग "पाठ फिरवून". मग एकदा पूर्ण खोडलेलं, मग परत आलेलं. मी खाली खाली जात राहिलो आणि एकाच वाक्यामागे केलेली तिची सगळी सकाळ माझ्यासमोरून गेली. ती बाहेरच्या खोलीत टाइप करत बसते, एवढंच मला आजवर माहीत होतं. मला बायकोचा फार अभिमान वाटला, आणि राखणदाराचाही थोडा वाटला, तो मी बोलून दाखवला नाही. शेवटी वाक्याचं ते रूप आलं जे तिने म्हटलं होतं, आणि त्याच्या पुढेमागे अख्खं प्रकरण.

पाचच्या जरा आधी मजकूर गेला. प्रकाशकबाईंचं "पोचलं" असं उत्तर आलं तेव्हा बायको हसली, मग रडली, मग पुन्हा हसली, आणि आई चहा टाकायला तिरकी होऊन स्वयंपाकघरात शिरली. काका अजून भिंतीजवळच होते. त्यांनी घसा खाकरला.

"आता बंद करून चालू करू का?"

"करा, काका," बायको म्हणाली. त्यांनी अतिशय हलक्या हाताने बटण दाबलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

शनिवारी मी जुनं फेकायची ओळ चालू केली. आई मागे उभी होती. म्हणाली, "सगळंच नको रे टाकू. थोडं असू दे." मी थोडं असू दिलं, बाकीचं टाकलं. आता संगणक दिवसभर पळतो आणि काका येतात ते नुसत्या चहाला. दारामागच्या पिशवीबद्दल मी बोलणं सोडून दिलं आहे.

काही महिन्यांनी पुस्तक आलं. मुखपृष्ठावर लेखकाच्या खाली बायकोचं नाव होतं. तिने त्यावरून एकदा बोट फिरवलं, या वेळी हवेत नाही. आत तिने मागाहून पाठवलेलं आभाराचं छोटं पान होतं. हातातला डाव मोडल्याबद्दल सासूबाईंचे आभार. ऐनवेळी बटण न दाबल्याबद्दल शेजारच्या काकांचे आभार. काकांनी त्या पानासाठी पुस्तकाच्या कितीतरी प्रती घेतल्या आणि ओळखीच्या घरी जाऊन स्वतः वाटल्या. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ होती: "माझ्या नवऱ्याचे आभार, त्याच्या चुकीबद्दल."

घरी कोणी आलं की बायको पुस्तक पुढे करते, आणि ते पान पाहुण्यांना मीच उघडून दाखवतो.